उघड्या निसर्गात देहाचा परफॉर्मन्स: जागा शोधण्यापासून खुणा मिटवण्यापर्यंत

निसर्गात परफॉर्मन्स, म्हणजे स्वतःचा देह वापरून केलेली कलाकृती, करायचं ठरलं की बहुतेक जण तालमीच्या खोलीत हालचाली रचतात, कपडे ठरवतात आणि मग त्याला शोभेल असा कडा किंवा धबधबा शोधायला निघतात. तिथे पोचल्यावर रचलेलं सगळं जसंच्या तसं करतात, फोटो काढतात आणि परततात. फोटो चांगले येतात. पण त्यातला डोंगर काढून दुसरा डोंगर लावला तरी काही बिघडणार नसतं, आणि काम तिथेच फसलेलं असतं. उतार, वारा, ओल, थंडी यांपैकी कशानेही देहाला काही करायला भाग पाडलेलं नसतं.

दुसरी चूक वेगळ्या टोकाची. अंगावर येईल ते झेलणं म्हणजेच कला, असं समजून लोक गार पाण्यात उतरतात, वाळूत स्वतःला पुरून घेतात, आणि काठावर कॅमेरा धरलेला एखादा मित्र सोडला तर कोणीही नसतं.

दोन्ही चुका कामांचा क्रम उलटा लागल्यामुळे होतात. पुढचा क्रम एकट्याने किंवा तीन-चार जणांनी करायच्या परफॉर्मन्ससाठी आहे. तयारीवर मुद्दाम जास्त लिहिलं आहे, कारण ऐन दिवशी दुरुस्त करता येईल असं फार थोडं हातात उरतं.

## १. आधी जागा, मग कल्पना

पुन्हा पुन्हा जाता येईल अशी जागा निवडा. दूरच्या देखण्या दरीपेक्षा जवळचा ओबडधोबड माळ जास्त उपयोगी पडतो, कारण तिथे तुम्ही वेगवेगळ्या वेळी जाऊ शकता. निदान तीन वेळा जा: एकदा परफॉर्मन्सच्या संभाव्य वेळी, एकदा दिवसाच्या अगदी वेगळ्या प्रहरी आणि एकदा हवा बिघडलेली असताना. पहिल्या फेरीत कॅमेरा नेऊ नका. कॅमेरा हातात असला की डोळा चौकटी शोधत राहतो आणि पायाखाली काय आहे ते लक्षात येत नाही.

तासभर बसा आणि वहीत नोंदी करा. जमीन कुठे उतरते? पायाखाली काय आहे: मुरूम, चिखल, गवत, खडक? वारा कुठून येतो आणि दुपारनंतर फिरतो का? सावली कुठून कुठे सरकते? पाणी असेल तर त्याची पातळी कुठवर चढते? ओल्या रेघा आणि अडकलेला पालापाचोळा ती पातळी दाखवतात. कुणाची ये-जा आहे: माणसं, गुरं, पक्षी, मुंग्यांची रांग?

त्यानंतर देह जागेवर ठेवा. एक उदाहरण सविस्तर सांगते. ओलसर, कललेल्या खडकावर उताराला आडवं, अनवाणी उभं राहा. पहिल्या मिनिटात पायाची बोटं आवळली जातात, पोटऱ्या ताठ होतात, श्वास छातीतच अडकतो. काही न करता थांबा. चार-पाच मिनिटांत बोटं सुटतात आणि टाच टेकते. वरच्या बाजूचा गुडघा आपसूक वाकतो, भार खालच्या पायावर येतो आणि कंबर थोडी कलते. त्या कलण्याला सावरायला एक हात शरीरापासून सुटा होतो. ही मुद्रा तुम्ही रचलेली नाही, उताराने ती काढून घेतली. पुढचं सगळं काम अशा गोष्टींवर उभं राहतं, म्हणून ती लगेच लिहून ठेवा: कोणत्या पायावर भार आला, किती वेळाने आला, कुठे दुखलं.

असंच आडवं पडून, रांगत, पाठ टेकून, वाऱ्याकडे तोंड आणि मग पाठ करून करा. प्रत्येक स्थितीला पुरेसा वेळ द्या. घाई केली तर शरीर नेहमीच्याच सवयी दाखवतं.

तपासा: वहीतल्या नोंदी दुसऱ्या एखाद्या जागेलाही लागू पडतील अशा आहेत का? ‘शांत वाटलं’, ‘मोकळं वाटलं’ असंच लिहिलेलं असेल तर आणखी एकदा जाऊन या.

## २. परवानगी आणि तिथले रहिवासी

मोकळी दिसणारी जमीन बहुधा कुणाच्या तरी मालकीची किंवा एखाद्या यंत्रणेच्या ताब्यातली असते. परवानगी लेखी घ्या आणि अर्जात किती माणसं, किती वेळ, कोणतं साहित्य, चित्रीकरण आहे की नाही हे स्पष्ट लिहा. उघड्या देहाने काम करायचं असेल, ड्रोन उडवायचा असेल किंवा आग वापरायची असेल तर हे तिन्ही मुद्दे वेगवेगळे विचारा. तिन्हींचे नियम जागेगणिक बदलतात, आणि ‘फोटोशूट’ एवढ्या शब्दावर मिळालेली परवानगी यातल्या कशालाही पुरत नाही. संरक्षित क्षेत्र असेल तर काही महिने प्रवेशच बंद असू शकतो. तारीख ठरवण्याआधी चौकशी करा.

कागदापलीकडची परवानगीही असते. तुम्ही आल्यावर एखादा पक्षी सतत इशाऱ्याचा आवाज करत डोक्यावर घिरट्या घालत असेल, तर जवळ घरटं आहे असं समजा आणि निघा. त्याच जागेचा हट्ट धरून ‘आम्ही हळू करू’ म्हणणं मला पटत नाही. त्या पक्ष्याला तुमची कला आणि शिकाऱ्याची चाहूल यात फरक कळत नाही.

## ३. कृती एका वाक्यात लिहा

आता कल्पनेकडे या. वहीतल्या नोंदींमधून एकच कृती निवडा आणि ती एका वाक्यात मांडा. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: देह काय करतो, जागा त्यावर काय करते आणि हे कधी थांबतं.

या क्षेत्रातली टिकलेली कामं पाहिली तर हे वाक्य सहज लिहिता येतं. रिचर्ड लाँग यांनी १९६७ साली गवतावर एकाच रेषेत ये-जा केली, गवत दबून रेघ उमटली आणि तिचा फोटो घेतला. डेनिस ओपेनहाइम १९७० साली छातीवर पुस्तक ठेवून पाच तास उन्हात पडून राहिले, तेव्हा झाकलेला भाग सोडून बाकी कातडी भाजली. चीनमध्ये १९९५ साली झांग हुआन यांच्यासह दहा कलाकार एका अनाम डोंगरमाथ्यावर एकावर एक झोपले आणि डोंगराची उंची एक मीटरने वाढवली. सारा कॅमेरॉन सुंडे यांनी २०१३ पासून २०२२ पर्यंत वेगवेगळ्या किनाऱ्यांवर भरती-ओहोटीचं एक पूर्ण चक्र, म्हणजे बारा-तेरा तास, पाण्यात उभं राहून काढलं.

प्रत्येकात कृती एकच आहे आणि जागा उलट उत्तर देते. गवत दबतं, ऊन भाजतं, डोंगर उंचावतो, पाणी गळ्यापर्यंत चढतं. (ओपेनहाइम यांच्या कामाचं अनुकरण करू नका. भाजण्याचा परिणाम त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता. नवख्या माणसाला ऊन लागलं की त्याचं आजारपणच होतं.)

तुमचं वाक्य साधारण असं होईल: ‘मी ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वरच्या दिशेने रांगत जाईन, हाताला पहिली ओल लागेपर्यंत.’ इथे शेवट घड्याळाने ठरत नाही, पात्राने ठरतो. असा शेवट सापडला तर तोच ठेवा. मात्र त्याला वेळेची वरची मर्यादा जोडा, कारण ओल लागलीच नाही तर कुठे थांबायचं हे आधी माहीत हवं.

या टप्प्यावर हमखास होणाऱ्या चुका:

- एका परफॉर्मन्समध्ये चार कृती कोंबणं. माती फासणं, झाडाला कवटाळणं, पाण्यात शिरणं आणि किंचाळणं एकामागून एक आलं की कशालाच वेळ मिळत नाही.
- चेहऱ्याने भाव दाखवणं. लांबून देह वाचला जातो. चेहऱ्यावर दुःख आणलं तर बघणाऱ्याची नजर तिथेच अडते आणि खडक दिसेनासा होतो.
- वस्तूंची गर्दी. आरसा, लाल कापड, दोरी यांपैकी काहीही आणण्याआधी ते काढून पाहा. कृती तरीही उभी राहत असेल तर वस्तू नको.

## ४. काळाचं गणित

कृती समुद्राशी किंवा खाडीशी जोडलेली असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक हाच तुमचा मुख्य कागद. पुष्कळ किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती येते आणि एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. काही किनाऱ्यांवर ती दिवसातून एकदाच येते, म्हणून तुमच्या किनाऱ्याचंच वेळापत्रक पाहा. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती या सहा तासांत पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा भाग चढतो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. पहिल्या तासाचा संथपणा पाहून ‘अजून वेळ आहे’ असा अंदाज बांधणारे इथेच अडकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. पहिला परफॉर्मन्स भांगाच्या दिवशी ठेवा.

डोंगरावर उंचीचा हिशेब धरा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वारा वेगळाच. पायथ्याशी सुखद वाटणारी हवा माथ्यावर उघड्या अंगाला सोसवेलच असं नाही.

प्रकाशासाठी लोक सूर्योदय-सूर्यास्त निवडतात. सूर्यास्ताची अडचण अशी, की काम संपतं तेव्हा अंधार पडलेला असतो, अंग थकलेलं असतं आणि परतीची वाट बाकी असते. पर्याय असेल तर सकाळ निवडा.

सावध: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर ताबडतोब सुरक्षित ठिकाणी जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत फिरू नका. एकट्या झाडाखाली किंवा माथ्यावर थांबू नका. परफॉर्मन्स अर्धा राहिला तरी चालेल.

## ५. देहाची तयारी

या टप्प्याला सगळ्यात जास्त दिवस द्या. धाडस अंगात असतंच, तयारी कमी पडते.

थंड पाणी. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. १५ अंशांखालच्या पाण्यात शिरताच पहिल्या एक-दोन मिनिटांत धाप लागते आणि श्वास ताब्यात राहत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. म्हणून उडी कधीच नको. पायाने सावकाश उतरा आणि श्वास लांब, संथ होईपर्यंत कंबरेच्या वर जाऊ नका. पुढच्या दहा-एक मिनिटांत हातापायांची ताकद कमी होऊ लागते, त्यामुळे बाहेर पडण्याची वाट हाताने धरून चढायची नसावी. सराव काही आठवडे आधी सुरू करा. थोड्या मिनिटांपासून हळूहळू वाढवा आणि प्रत्येक वेळी कोणी तरी सोबत असू द्या. हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

ऊन आणि तापलेली जमीन. वाळू किंवा खडकावर झोपण्याआधी हाताची पालथी बाजू दहा सेकंद टेकवून पाहा. तेवढं सोसवत नसेल तर पाठही टेकवू नका. ढग असले तरी अतिनील किरण पोचतात, आणि ताजा बर्फ तर त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळ भाजतं ते त्यामुळेच.

निश्चल राहणं. हे सोपं समजलं जातं, आणि बरेच जण इथेच स्वतःला दुखवून घेतात. दगडावर एकाच कुशीवर अर्धा-पाऊण तास पडलं की कोपराच्या आतल्या बाजूची, दंडाची किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दाबली जाते. मुंग्या येणं हा इशारा. बधिरता आली तर स्थिती बदलायलाच हवी, कृतीच्या नियमात बसो वा न बसो. म्हणून निश्चल कामातही एक अगदी छोटी हालचाल आधीच ठेवून घ्या: भार एका नितंबावरून दुसऱ्यावर, मनगट बाहेरून आत. लांबून ती दिसतही नाही.

सरावासाठी घरच्या कडक जमिनीवर तीच स्थिती घ्या. परफॉर्मन्ससाठी ठरवलेला वेळ घरी दीडपट जमला पाहिजे. बाहेर थंडी, किडे आणि बघणारी माणसं त्यातला बराच वाटा खातात.

माती आणि वाळूत पुरून घेणं. देहाची आकृती जमिनीत मिसळलेली दिसावी म्हणून पुष्कळांना हे करायचं असतं. हिशेब लक्षात ठेवा: ओल्या वाळूचा एक घनमीटर जवळजवळ दोन टन भरतो. छातीवर वीतभर थर आला तरी श्वास घेताना बरगड्या उचलणं कठीण होतं. आणि आत घेता येणारा प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा आखूड होत जातो, कारण श्वास सोडल्यावर वाळू रिकाम्या जागेत सरकते. छाती आणि पोट मोकळंच ठेवा. खोल खड्डा खणू नका, त्याच्या कडा न सांगता ढासळतात. गटातल्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या गुडघ्यापर्यंतच खोली पुरे. त्याऐवजी जमिनीच्या उथळ सखल भागात पडून कडेने माती ओढून घेतली तरी चित्र तेच दिसतं. ॲना मेंडिएटा यांच्या १९७३ ते १९८० या काळातल्या ‘सिलुएता’ मालिकेत अनेक कामांत देह नाहीच, त्याची आकृती तेवढी आहे. तोही एक मार्ग आहे आणि त्यात कुणाचा श्वास कोंडत नाही.

त्वचा. चिखल, पानांचा रस किंवा चीक अंगाला लावायचा असेल तर हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस वाट पाहा. काही वनस्पतींचा रस उन्हाशी मिळून दुसऱ्या दिवशी फोड आणतो, म्हणून चाचणीही उन्हातच करा. अनोळखी झाड असेल तर चाचणीही नको. अंगावर कापलेलं-खरचटलेलं असेल तर माती आणि साचलेलं पाणी टाळा. धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आत झालेली असावी, आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो.

तपासा: ठरलेली कृती घरी किंवा ओळखीच्या जागी दीडपट वेळ करून झाली का? नसेल तर तारीख पुढे ढकला.

## ६. राखणदार आणि थांबण्याचा नियम

एक माणूस केवळ तुमच्यावर लक्ष ठेवण्यासाठी असला पाहिजे. त्याच्या हातात कॅमेरा नको, प्रेक्षकांना वाट दाखवण्याचं काम नको. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला तुमचं थरथरणं सुंदर दिसतं, आणि तोच धोका आहे.

राखणदाराला तीन गोष्टी आधी सांगा आणि प्रत्यक्ष करून पाहा:

१. ठरावीक वेळाने तो खूण करेल आणि तुम्ही एका बोटाने उत्तर द्याल. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर परफॉर्मन्स संपला.

२. त्याने ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. वाद घालायचा नाही. थंडीत आणि उन्हात निर्णयशक्ती लवकर ढासळते, त्यामुळे ‘मी ठीक आहे’ हे तुमचं वाक्य ग्राह्य धरायचं नाही, असं दोघांनी आधीच ठरवा.

३. जीभ जड होणं, हाताला वस्तू धरता न येणं, असंबद्ध बोलणं, आणि जोरात चाललेली थरथर अंग गरम न होताच थांबणं, ही गंभीर लक्षणं आहेत. थरथर थांबली म्हणजे सवय झाली असं राखणदाराला वाटतं. बहुधा उलटच झालेलं असतं.

जवळचं रुग्णालय, तिथे पोचायची वाट आणि फोनला रेंज कुठे मिळते हे कागदावर लिहून त्याच्या खिशात द्या.

## ७. कपडे आणि साहित्य

थोडक्यात: भिजल्यावर जड होणारे, पाण्यात पायात गुंतणारे लांब कपडे नकोत. अंगाला लावायचा रंग पाण्यात जाणार असेल तर वापरू नका. चमकी तर कधीच नको, ती बहुधा प्लास्टिकची असते आणि गोळा करता येत नाही. उघड्या देहाचा निर्णय कृतीतून यावा. कातडी आणि खडक यांचा संबंध हाच विषय असेल तर त्याला अर्थ आहे. गटात काम असेल तर प्रत्येकाला आयत्या वेळीही ‘नाही’ म्हणायची मुभा हवी.

## ८. नोंद कशी घ्यायची

अशी कामं शेवटी फोटो किंवा चित्रफितीतूनच लोकांपर्यंत जातात. त्यामुळे कॅमेरा कुठे लावायचा हा निर्णय कृतीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो आदल्या फेरीतच घ्या.

पहिला प्रश्न प्रमाणाचा: चौकटीत देह केवढा दिसला पाहिजे? माणूस चौकटीची निम्मी उंची व्यापतो तेव्हा ते व्यक्तिचित्र होतं. दहाव्या भागाएवढा झाला की प्रदेश बोलू लागतो. त्याहून लहान केला तर तो शोधावा लागतो, आणि कधी कधी तेच हवं असतं. तिन्ही अंतरांवर कुणाला तरी उभं करून पाहा. मग एक कॅमेरा तिवईवर पक्का करा आणि शेवटपर्यंत हलवू नका. दुसरा जवळचे तपशील घेईल: दगडाचे व्रण उमटलेली पाठ, बोटांमधून सुटणारी वाळू.

तांत्रिक घोळ नेहमीचेच आहेत. काही कॅमेरे तीसेक मिनिटांनी चित्रण आपोआप थांबवतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा. माइकवर केसाळ आवरण नसेल तर सगळा आवाज वाऱ्याचाच येतो. कार्डात पूर्ण वेळेपेक्षा दुप्पट जागा ठेवा.

सावध: फोटो चांगला आला नाही म्हणून तीच कृती पुन्हा करू नका. दुसऱ्यांदा देहाला परिणाम आधीच माहीत असतो आणि तो कॅमेऱ्यात दिसतो. गार पाण्यात तर दुसरी फेरी धोक्याचीच.

## ९. तालीम जागेवर नको

देहाची तालीम दुसरीकडे करा. गवत आणि कोवळी झुडपं तुडवली जातात तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होतं, आणि तालमी झाल्या की परफॉर्मन्सच्या दिवशी जागा थकलेली दिसते. दगडफुलांनी भरलेल्या खडकावर तर अजिबात नको. काही दगडफुलं वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत. एका दुपारी घासून निघालेला ठसा तुमच्या हयातीत भरून येणार नाही.

जागेवर एकच फेरी करा, ती मोजणीसाठी. कृती न करता चालून पाहा: कुठून येणार, कुठे थांबणार, कुठून बाहेर पडणार, राखणदार कुठे, कॅमेरे कुठे, प्रेक्षक कुठे. प्रेक्षकांना कठीण जमिनीवर, मुरूम, वाळू किंवा मळलेल्या वाटेवर उभं करा. वीस माणसांचे पाय एका कलाकाराच्या देहापेक्षा कितीतरी जास्त तुडवतात, आणि हे नियोजनात क्वचितच धरलेलं असतं.

## १०. ऐन दिवस

आदल्या रात्री आणि सकाळी हवामान पाहा. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. पाणी प्या. मद्य अजिबात नको, त्याने ऊब आल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात अंगातली ऊब निघून जाते.

ठरल्या वेळेच्या निदान तासभर आधी पोचा आणि जागा पुन्हा पाहा. पावसाने पात्र बदललं असेल, नवं मोहोळ लागलं असेल, खडकावर बुळबुळीत थर आला असेल. बाहेर पडायच्या जागी कोरडे कपडे, घोंगडी आणि गरम पाण्याचा थर्मास घालायच्या क्रमाने मांडा. गारठलेल्या बोटांना चेन लावता येत नाही, म्हणून डोक्यातून घालायचे सैल कपडे ठेवा.

सुरुवात सावकाश करा. पहिली पाच मिनिटं काही घडवू नका, पहिल्या फेरीत उभे राहिलात तसेच राहा. इथे जवळजवळ सगळे घाई करतात, कारण कुणी तरी बघत असतं. पण बोटं सुटून टाच टेकेपर्यंत जे कराल ते तुमच्या ताणातून येईल, जागेकडून काही येणार नाही.

मध्येच जागेने अनपेक्षित काही केलं, वारा फिरला, गुरं आली, ढग उतरले, तर कृती न सोडता त्याला वाट द्या. गुरं जवळून जात असतील तर थांबा आणि ती गेल्यावर पुढे चला. वाक्यातली कृती तीच राहते, तिचा वेग बदलतो.

## ११. बाहेर पडताना

पाण्यातून आल्यावरही अंगाचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. बऱ्याच जणांना बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी जास्त हुडहुडी भरते, ते यामुळेच. लगेच कढत पाण्याने अंघोळ करू नका, हातपाय जोरात चोळू नका, पळू नका. ओले कपडे काढा, अंग टिपा, डोकं झाका, कपडे चढवा, बसा आणि कोमट गोड पेय घोट घोट घ्या. थरथर थांबेपर्यंत गाडी चालवायची नाही.

उन्हातून आलात तर सावली, पाणी आणि मीठ-साखर. कुणी गोंधळल्यासारखं बोलत असेल आणि अंग तापलेलं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याला पाण्याने गार करत रुग्णालयात न्या.

गवतातून किंवा झाडीतून आलात तर काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग आणि कानामागे गोचीड तपासा.

या वेळात कुणीही कामाबद्दल मत द्यायचं नाही, हे गटाला आधी सांगून ठेवा. आधी देह सावरू द्या. त्याच संध्याकाळी मात्र वहीत लिहा: कोणत्या मिनिटाला काय बदललं, कुठे जागेने ऐकायला लावलं, कुठे तुम्ही अभिनय करत होतात.

## १२. खुणा मिटवणं आणि नंतरची फेरी

आणलेली प्रत्येक वस्तू मोजून परत न्या. सरकवलेले दगड जिथे होते तिथे आणि त्याच बाजूने ठेवा, कारण दगडाच्या ओल्या बाजूला जीव राहतात. खड्डा बुजवा. तुटलेली फांदी परत जोडता येत नाही, तेव्हा ती तोडूच नका. जमिनीवर उमटलेली देहाची आकृती वाळूत असेल तर पाणी ती नेईल. माळावर असेल तर हाताने सैल करा.

दोन-तीन आठवड्यांनी एकदा परत जा. गवत उभं राहिलं का, वाट पडली का, तुमचं पाहून इतरांनी तिथे काही केलं का हे पाहा. त्यावरून पुढच्या वेळी प्रेक्षक किती बोलवायचे ते ठरेल.

फोटो लोकांसमोर ठेवताना कृतीचं वाक्य, एकूण वेळ, तारीख, हवामान आणि राखणदारासह सगळ्यांची नावं त्यांना विचारून लिहा. जागा नाजूक असेल तर नेमका पत्ता देऊ नका, आणि फोटो टाकण्याआधी त्यात आपोआप नोंदलं गेलेलं ठिकाण काढून टाका.